पोर्ट ब्लेअर ते अगत्ती: अंतर २,२४३ किलोमीटर, पण भाऊबीजेला पोचायचं तर निघायचं कधी?

मालवणच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला आणि मुलगी लक्षद्वीपमध्ये अगत्तीला बँकेत. यंदा भाऊबीजेला मुलानं बहिणीकडे जायचं ठरवलंय. एका संकेतस्थळावर दोन विमानतळांची नावं टाकली तर उत्तर आलं, '२,२४३ किलोमीटर, ३ तास १७ मिनिटं'. तो सकाळी निघाला तर दुपारच्या ओवाळणीला पोचेल ना? आणि आम्ही दोघं नवरा-बायको इथून निघालो तर आमका थंय जावक किती येळ लागतलो?

ताई, तुम्हाला तिकिटं काढायची आहेत, म्हणून आधी उत्तर देतो आणि कारणं मागाहून सांगतो. संकेतस्थळावरचं अंतर बरोबर आहे. वेळ मात्र अशा विमानाची आहे जे अस्तित्वातच नाही. मुलानं भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअर सोडलं तर तो सगळं सुरळीत गेल्यास पोचेल. दोन दिवस आधी सोडलं तर मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हणून सांगू शकेन. तुम्ही दोघं मात्र मालवणहून त्याच्यापेक्षा लवकर पोचाल.

मी एकतीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी दक्षिणेत. आता वेंगुर्ल्याला घरी असतो. हे काम फारसं कुणाला माहीत नसतं. विमान उडण्याआधी जमिनीवर बसून त्याचा मार्ग, इंधन, वजन, वाटेतलं हवामान आणि उतरता आलं नाही तर कुठे जायचं, हे सगळं ठरवून कागदावर आणणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. त्या कागदावर वैमानिकाबरोबर आमचीही सही असते. त्यामुळे 'किती लांब आणि किती वेळ' हा प्रश्न मी हजारो वेळा सोडवला आहे, आणि बेटांच्या बाबतीत त्याचं उत्तर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी दडलेलं असतं.

आधी अंतर बघू. ते तुम्ही घरच्या घरीही पडताळू शकता. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ साधारण ११.६४ उत्तर अक्षांश आणि ९२.७३ पूर्व रेखांशावर आहे. अगत्तीचा १०.८२ उत्तर आणि ७२.१८ पूर्व. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, आणि मध्ये साडेवीस अंश रेखांशाचं अंतर. तुमच्याकडे कुणी ट्रॉलरवर जात असेल तर त्याला सागरी मैल ठाऊक असेल, जीपीएसवर तेच दिसतात. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. उत्तरेकडे सरकत जाल तसे रेखांश एकमेकांच्या जवळ येतात. अकरा-साडेअकरा अंशांवर हे आकसणं जेमतेम दोन टक्क्यांचं असतं. साडेवीसला साठनं गुणा, दोन टक्के वजा करा, येतात साधारण १,२१० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. म्हणजे २,२४० किलोमीटरच्या आसपास. संकेतस्थळानं खोटं सांगितलेलं नाही.

पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर वाकडा दिसतो, असं तुम्ही ऐकलं असेल. मुंबई ते न्यूयॉर्कला ते फार महत्त्वाचं ठरतं. इथे मात्र दोन्ही बेटं विषुववृत्ताला इतकी जवळ आहेत की तो बाक मधोमध जेमतेम वीस किलोमीटरचा भरतो. पट्टी ठेवून ओढलेली रेघ आणि खरा मार्ग इथे जवळपास एकच. ती रेघ बंगालच्या उपसागरावरून साधारण १,४०० किलोमीटर येते, तमिळनाडूत चिदंबरमच्या आसपास किनारा ओलांडते, कोइम्बतूरच्या उत्तरेकडून जाते, कोझिकोडच्या थोडी दक्षिणेला अरबी समुद्रात उतरते आणि उरलेले चारशे किलोमीटर पाण्यावरून काढून अगत्तीला लागते. एका रेघेत दोन समुद्र आणि मधला अख्खा दक्षिण भारत. मला ही रेघ नकाशावर बघायला फार आवडते.

आता ३ तास १७ मिनिटं कुठून आली ते पाहा. अशी संकेतस्थळं ताशी ८०० किलोमीटरच्या जवळपास एक ठरावीक सरासरी वेग धरतात, अंतराला त्यानं भागतात आणि उड्डाण व उतरणं यांसाठी वर अर्धा तास घालतात. २,२४३ भागिले ८०५ केलं की २ तास ४७ मिनिटं येतात, त्यात ३० मिनिटं मिळवली की झालं. एअरबस ३२० सारखं जेट विमान खरोखरच या मार्गावर असतं, तर हा अंदाज वाईट नव्हता. पण ते विमान अगत्तीला उतरू शकत नाही.

सगळी गोम इथे आहे. अगत्तीची धावपट्टी साधारण १,२०० मीटरची आहे. तुमच्या चिपी विमानतळाची २,५०० मीटरची, म्हणजे दुपटीहून जास्त. पोर्ट ब्लेअरची ३,२९० मीटरची. चिपीला जांभ्याचा सडा होता, मोकळी जागा होती, म्हणून लांब पट्टी करता आली. अगत्ती हे प्रवाळाचं चिंचोळं बेट. त्याच्या दक्षिण टोकाला पट्टी आहे आणि ती संपते तिथे समुद्र सुरू होतो. दोन्ही बाजूंनाही पाणीच. १९८८ मध्ये ही पट्टी सुरू झाली तेव्हा तिथे लहान डॉर्नियर विमानं जात. आता एटीआर जातात, पंख्याची, सत्तरेक आसनांची. भरलेल्या जेट विमानाला उड्डाणासाठी दोन हजार मीटरच्या आसपास पट्टी लागते. ते अगत्तीला न्यायचं म्हटलं तर कुठलाही डिस्पॅचर त्या कागदावर सही करणार नाही.

मग एटीआरच पोर्ट ब्लेअरहून थेट का नेत नाहीत? कारण पूर्ण प्रवासी घेऊन ते एका दमात साधारण चौदाशे-पंधराशे किलोमीटर जातं. २,२४३ किलोमीटर त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. जे विमान एवढं लांब जाऊ शकतं ते अगत्तीला उतरू शकत नाही, आणि जे उतरू शकतं ते एवढं लांब येऊ शकत नाही. त्यामुळे या दोन बेटांमध्ये मुख्य भूमीवर उतरल्याशिवाय प्रवासी विमान नाही. जोवर अगत्तीची पट्टी लांबत नाही तोवर ते होणारही नाही. पट्टी वाढवण्याच्या योजना बऱ्याच वर्षांपासून चर्चेत आहेत, पण प्रवाळावर आणि उथळ पाण्यात भराव घालायचा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खरा मार्ग असा. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई १,३७० किलोमीटर, चेन्नई ते कोची सव्वापाचशेला थोडे कमी, कोची ते अगत्ती ४७० च्या आसपास. बेरीज २,३६० किलोमीटर. सरळ रेघेपेक्षा फक्त ११५ किलोमीटर जास्त, म्हणजे जेमतेम पाच टक्के. मुलगा आडवाटेनं जाणार नाहीये, जवळजवळ त्याच रेघेवरून जाणार आहे. तिन्ही उड्डाणांचा मिळून वेळ होतो पाच ते सव्वापाच तास: चेन्नईपर्यंत सव्वादोन तास, कोचीपर्यंत सव्वा तास, तिथून अगत्तीला एटीआरनं दीड तासाच्या आत-बाहेर. पाच टक्के जादा अंतर, दोन तास जादा उड्डाण, आणि तरी प्रवास दोन दिवसांचा. बाकीचा वेळ जातो कुठे, हे नीट समजून घेतलं तर तिकिटं शहाणपणानं काढता येतात, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

आमच्या आजीच्या वेळी मुंबईहून वेंगुर्ल्याला आगबोट यायची. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं करत. आजी सांगायची, बोट दिसली म्हणजे माणूस आला असं कुणी धरत नसे. बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची, मग पडाव जायचे, माणसं आणि ट्रंका त्यात उतरायच्या, आणि भरती-ओहोटी बघत पडाव किनाऱ्याला लागायचे. वेळापत्रकातली वेळ बोटीची, घरी पोचायची वेळ पडावाची. विमानातही अगदी तसंच आहे. तिकिटावर जी वेळ छापलेली असते तिला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. चाकाखालचे अडसर काढून विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागी येऊन पुन्हा अडसर लागेपर्यंतचा तो वेळ. त्यात पट्टीपर्यंत चालत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं सगळं येतं. पस्तीस हजार फुटांवर चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि उतरायला सुरुवात विमानतळाच्या शंभर-सव्वाशे सागरी मैल आधीच करावी लागते. म्हणून छोट्या उड्डाणात खरा वेग हातात फार थोडा वेळ येतो. चेन्नई-कोची अंतर चेन्नई-पोर्ट ब्लेअरच्या चाळीस टक्क्यांहून कमी आहे, पण वेळ निम्म्याहून जास्त लागतो, तो याच कारणानं.

एकाच्या जागी तीन उड्डाणं झाली की हे चढणं-उतरणं तीनदा होतं. पण त्याहून मोठा वेळ जोडणीत जातो. बेटाकडे जाणारं छोटं विमान सहसा दिवसाच्या पूर्वार्धात निघतं, कारण ते प्रवासी उतरवून उजेडातच परत यायचं असतं. मुलगा पोर्ट ब्लेअरहून सकाळच्या पहिल्या विमानानं निघाला तरी चेन्नईला पोचेपर्यंत साडेनऊ-दहा होणार, कोचीला दुपार होणार, आणि तोवर अगत्तीचं विमान गेलेलं असणार. म्हणजे रात्र कोचीत, विमानतळाजवळ नेडुंबासेरीला काढायची आणि दुसऱ्या दिवशी अगत्ती. सव्वापाच तासांचं उड्डाण असं साधारण सव्वीस-अठ्ठावीस तासांचं होतं.

दुसरी एक वाट आहे, बेंगळुरूची. २०२४ मध्ये बेंगळुरूहून अगत्तीला थेट एटीआर सेवा सुरू झाली. पोर्ट ब्लेअर ते बेंगळुरू १,६४० किलोमीटर, तिथून अगत्ती साडेसहाशेच्या थोडं वर. एकूण २,३०० च्या आत, म्हणजे सरळ रेघेच्या आणखी जवळ, आणि विमान एकदाच बदलायचं. तुमच्या तारखांना ती सेवा असेल तर मी हीच निवडेन. मुक्काम तिथेही करावा लागेल असं धरा, पण एक जोडणी कमी म्हणजे चुकण्याची एक जागा कमी.

आता वारा. हा माझा आवडता विषय आहे, थोडं थांबून वाचा. आपल्याला कोकणात पावसाळ्याचा वारा म्हणजे समुद्राकडून, नैर्ऋत्येकडून येणारा. तो घरांची कौलं उडवतो, होड्या किनाऱ्यावर ओढायला लावतो. पण त्याच दिवसांत तुम्ही पस्तीस-चाळीस हजार फुटांवर गेलात तर वारा बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असतो. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावरून आणखी उंचावर पूर्वेकडून एक वेगवान झोत वाहतो. आपल्या देशातले हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मान्सूनच्या इंजिनाचाच तो वरचा भाग आहे: खालून दमट हवा येते, तिबेटच्या पठाराकडे आणि भारतावर तापून वर जाते आणि वरून परत दक्षिण-पश्चिमेकडे वाहते. प्रवासी विमानाच्या उंचीवर या झोताचा मुख्य जोर नसतो, पण त्याची कड लागते.

याचा हिशोब करून दाखवतो. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर साधारण ७४० सागरी मैल. विमानाचा हवेतला वेग ताशी ४५० सागरी मैल धरा. वारा नसेल तर नुसतं अंतर कापायला ९९ मिनिटं. समोरून तीस मैलांचा वारा असेल तर १०६ मिनिटं. पाठीमागून असेल तर ९३. म्हणजे पावसाळ्यात बेटाकडे जाताना उशीर आणि येताना लवकर, फरक तेरा मिनिटांचा. अनेक प्रवासी तक्रार करतात की येताना वेळेआधी पोचवलं, मग जाताना वैमानिक रेंगाळला का. तो रेंगाळलेला नसतो, त्याच्या तोंडावर वारा असतो. दिवाळीच्या सुमाराला हे वरचे वारे बरेच मंदावलेले असतात, त्यामुळे तुमच्या मुलाच्या वेळेत त्यांनी फार फरक पडणार नाही.

दिवाळीत चिंता वेगळी, पावसाची. आपल्याकडचा पाऊस ऑक्टोबरात जातो तेव्हा तिकडे चेन्नई आणि अंदमानवर ईशान्य मान्सून सुरू होतो. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगाम तोच. आणि पोर्ट ब्लेअर हे असं ठिकाण आहे की तिथे उतरता आलं नाही तर शेजारी जायला दुसरा सोयीचा विमानतळ नाही. चेन्नई १,३७० किलोमीटर, कोलकाता १,३०० किलोमीटर. यांगून आणि फुकेत त्याहून पुष्कळ जवळ आहेत, फुकेत तर सव्वासातशे किलोमीटरवर. पण तो परदेश. जिवावर बेतलं तर विमान तिकडे नक्की नेतात, पण देशांतर्गत प्रवाशांची नेहमीची पर्यायी सोय म्हणून मी कधी तिकडे कागद केला नाही. म्हणून बेटापर्यंत जाऊन, तिथे घिरट्या घालून, परत मुख्य भूमीवर येण्याइतकं इंधन घेऊनच विमान निघावं, असा हिशोब आम्ही धरायचो. जवळ पर्याय नसलेल्या एकाकी विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांतही वेगळी तरतूद आहे: पर्यायी विमानतळाऐवजी जेट विमानानं दोन तासांचं इंधन शिल्लक ठेवायचं.

या इंधनाची किंमत वजनात मोजावी लागते. एअरबस ३२० च्या आकाराचं जेट तासाला साधारण अडीच टन इंधन खातं. परत येण्यासाठीच चार टनांहून जास्त जवळ ठेवायचं म्हटलं की कधी कधी तेवढा माल खाली राहतो. मी एकदा असाच माल उतरवला होता. नोव्हेंबर महिना, चेन्नईहून सकाळचं उड्डाण, पोर्ट ब्लेअरवर पावसाच्या सरी येऊन-जाऊन होत्या. अंदाजात सुधारणा दिसत होती, पण उपग्रहाच्या चित्रातला ढग मला पटेना. मी नेहमीपेक्षा अकराशे किलो इंधन जास्त घातलं आणि तेवढा माल थांबवला. माल पाठवणारे रागावले, कंपनीतल्या वरिष्ठांनीही विचारलं. विमान बेटावर पोचलं, पंचवीस मिनिटं फिरत राहिलं, पट्टी दिसली नाही, आणि परत चेन्नईला आलं. पावणेचार तास हवेत काढून लोक जिथून निघाले तिथेच उतरले. त्यात माझ्या मावसभावाची बायकोही होती. तिला आजही वाटतं की त्या दिवशी वैमानिक घाबरला. मी तिला दर भेटीत सांगतो की तो घाबरला नाही. परतीचं इंधन पुरेल तोवर थांबला आणि ज्या मिनिटाला निघायला हवं होतं त्या मिनिटाला निघाला. ते मिनिट उड्डाणाआधीच कागदावर लिहिलेलं असतं.

याच संदर्भात लोक विचारतात की समुद्राच्या मधोमध एक इंजिन बंद पडलं तर? चेन्नई-पोर्ट ब्लेअरचा मध्यबिंदू दोन्हीकडून ३७० सागरी मैलांवर आहे. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर तासाभरात साधारण चारशे मैल जातं. म्हणजे वाटेत कुठेही असलात तरी एक तासाच्या आत एक तरी पट्टी गाठता येते. नियमाची मूळ मर्यादाही एका तासाचीच आहे. अंतर थोडक्यात बसतं, पण बसतं. मुलाच्या प्रवासाची काळजी म्हणून ही गोष्ट मनात असेल तर काढून टाका.

घड्याळाबद्दलही सांगतो, कारण त्यानं भले भले फसतात. पोर्ट ब्लेअर आणि अगत्तीत घड्याळ एकच, भारतीय प्रमाणवेळ. पण सूर्य एका अंशाला चार मिनिटं घेतो आणि मध्ये साडेवीस अंश आहेत. म्हणजे दोन्हीकडच्या सूर्यात तब्बल ८२ मिनिटांचा फरक. नोव्हेंबरच्या मध्यावर पोर्ट ब्लेअरला संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळतो. अगत्तीला तो सव्वासहापर्यंत असतो. पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं म्हणूनच सकाळी आणि दुपारी असतात. शिवाय ती पट्टी नौदलाची, आयएनएस उत्क्रोश या तळाची आहे, प्रवासी विमानं तिचा वापर नौदलाबरोबर करतात. तिथे दुपारचं विमान चुकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत बसून राहायची वेळ येते. मुलाला शक्य तेवढं सकाळचं विमान घ्यायला सांगा. पाच वाजता तिथे लख्ख उजाडू लागतं, उठायला त्रास होणार नाही.

एक गोष्ट राहून राहून मनात येते, लिहूनच टाकतो. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला २००२ पासून सावरकरांचं नाव आहे. ते ४ जुलै १९११ ला बोटीनं अंदमानात पोचले, १९२१ मध्ये तिथून मुख्य भूमीवर आणले गेले, आणि १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते. आज चेन्नईहून अंदमानला जायला सव्वादोन तास लागतात. बोटीला अजूनही तीन दिवसांच्या आसपास लागतात.

अगत्तीच्या बाजूचं एक काम आजच सुरू करा. लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो, १९६७ च्या नियमांपासून ही पद्धत आहे. तो हातात असल्याशिवाय अगत्तीच्या विमानात बसू देत नाहीत, मग तिकीट असलं तरी. तुमची मुलगी तिथेच नोकरीला असल्यानं तिनं आपल्या कार्यालयात चौकशी केली तर कागद लवकर होतील. मुलाचा आणि तुम्हा दोघांचा परवाना वेगवेगळा लागेल. तारखा लिहिताना पुढे-मागे दोन-दोन दिवस जास्त घ्या. विमान रद्द झालं आणि परवान्याची तारीख संपली, असं झालेलं मी पाहिलं आहे.

तुमचा दोघांचा प्रवास सोपा आहे. २०२४ मध्येच गोव्याहून, मोपाच्या विमानतळावरून, अगत्तीला थेट एटीआर सेवा सुरू झाली. मालवणहून मोपाला गाडीनं दोन-अडीच तास धरा, सणाच्या दिवसांत महामार्गावर गर्दी असते. मोपा ते अगत्ती ५७५ किलोमीटरच्या आसपास, उड्डाण पावणेदोन तासांचं. रोज विमान असेलच असं समजू नका, आधी आपल्या तारखेचं पाहा आणि मगच मुलाची तिकिटं काढा. सगळ्यांत कमी विमानं अगत्तीच्या टप्प्यावर आहेत, म्हणून सुरुवात त्या तिकिटापासून करायची आणि बाकीचं मागे मागे जुळवत यायचं. बहुतेक लोक घरापासून पुढे तिकिटं काढत जातात आणि शेवटच्या टप्प्याला अडकतात.

तिकिटं शक्यतो एकाच आरक्षणात घ्या. चेन्नई-कोची एका कंपनीचं आणि कोची-अगत्ती दुसऱ्या कंपनीचं, वेगवेगळं काढलं, तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. अगत्तीच्या बाबतीत पुढचं विमान तासाभरात मिळत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतं. कोचीतला मुक्काम म्हणूनच मला खर्च वाटत नाही. २०१८ च्या ऑगस्टात पुरानं कोचीचा विमानतळ दोन आठवडे बंद पडला होता, तेव्हा छोटी विमानं नौदलाच्या तळावरून चालवावी लागली. असं रोज होत नाही. पण एका रात्रीचा पाऊस सकाळची जोडणी मोडायला पुरतो, हे मात्र होतं.

सामानाचंही बघा. आखूड पट्टी आणि ऊन यांमुळे एटीआरला अगत्तीहून पूर्ण वजन घेऊन निघता येत नाही. तापलेली हवा पातळ होते, पंखांना आणि पंख्याला ती कमी उचल देते, आणि लांब धावायला जागा नसते. म्हणून कधी आसनं रिकामी ठेवतात, कधी पेट्या मागे राहतात. फराळाचे डबे केबिनच्या पिशवीत घ्या, चकली-कडबोळी हातातच बरी. सुकं खोबरं मात्र नेऊ नका. तेलकट असल्यानं ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांत मोडतं आणि तपासणीत काढून घेतात. आपल्याकडून जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्यांतून ते निघालेलं मी पाहिलं आहे, आणि प्रत्येकीचा चेहरा पडलेला पाहिला आहे. लक्षद्वीपला नारळाला काही तोटा नाही. मुलीला तिथलंच घेऊन करंज्या करू दे.

तर मी असतो तर असं ठरवलं असतं. भाऊबीजेच्या दोन दिवस आधी मुलानं सकाळच्या पहिल्या विमानानं पोर्ट ब्लेअर सोडायचं, बेंगळुरू किंवा कोचीत मुक्काम, आदल्या दिवशी दुपारपर्यंत अगत्ती. एखादी जोडणी मोडली तरी भाऊबीजेचा दिवस हाताशी राहतो. तुम्ही मोपाहून त्याच्या आधी पोचलेले बरे. तिकिटं पक्की करण्याआधी तारखा आणि दोन विमानांमधलं अंतर किती तासांचं पडतंय ते इथे लिहा. जोडणी पुरेशी आहे का, ते मी पाहून सांगतो.